चित्रनगरीच्या आधी तालमीची खोली

नाशिकमध्ये सिनेमाचा विषय निघाला की बोलणं दादासाहेब फाळक्यांपासून सुरू होतं आणि चित्रनगरीपाशी येऊन थांबतं. फाळके त्र्यंबकेश्वरला जन्मले, नाशिकला राहिले, १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकलाच गेले. तेव्हा चित्रनगरीवर पहिला हक्क आपला, असा सरळ हिशेब. इगतपुरी तालुक्यातल्या मुंढेगावच्या जागेवरून बैठका झाल्या, निवेदनं दिली गेली, घोषणा झाल्या. या मागणीला माझा विरोध नाही. पण नाशिकची पहिली मागणी ती असावी, याला मात्र ठाम विरोध आहे. चित्रीकरणाला जागा लागते हे खरं, पण सिनेमा करणारं माणूस त्या जागेत तयार होत नाही. ते आधी कितीतरी वर्षं दुसरीकडेच घडत असतं: नाचाच्या वर्गात, शाळेत शिकवताना, वहीत प्रसंग लिहून खोडताना. सरकारकडे आणि महापालिकेकडे आपण आधी मागायला हवं ते या जागांसाठी.

लहानपणापासून नाच शिकलेली, मग काही वर्षं शाळा-कॉलेजात शिकवणारी, पुढे पटकथा लिहू लागलेली आणि चाळिशीत स्वतःचा चित्रपट करायला निघालेली बाई आपल्या ओळखीत असेल, तर तिच्याबद्दल काय बोललं जातं ते सगळ्यांना ठाऊक आहे. ‘हिचं एक धड नाही.’ घरचे काळजीपोटी बोलतात, बाहेरचे सवयीने. नोकरभरतीचे नियमही वेगळ्या शब्दांत तेच सांगतात. नृत्याची विशारद झालेल्या मुलीसाठी शाळेत पद नसतं. शिकवण्यात घालवलेली वर्षं लेखनाच्या कामात कुणी मोजत नाही. लेखनात घालवलेली वर्षं तर कुठेच मोजली जात नाहीत. प्रत्येक वळणावर तिने आधीचं सगळं सोडून नव्याने सुरुवात केली, असंच धरलं जातं. माझं म्हणणं असं की तिने काहीच सोडलेलं नसतं. दिग्दर्शकाला जे जे यावं लागतं ते तिने एकेक करून गोळा केलेलं असतं, आणि हे शिक्षण देणारी दुसरी सोपी वाट अजून कुणाला सापडलेली नाही.

अल्मोड्याचं उदाहरण मला यासाठी फार मोलाचं वाटतं. उदय शंकर लंडनला चित्रकला शिकायला गेले, तिथे आन्ना पावलोव्हाबरोबर नाचले, जगभर फिरले आणि १९३० च्या दशकाच्या अखेरीस अल्मोड्याच्या डोंगरात त्यांनी एक संस्कृती केंद्र उभं केलं. साधारण पाच वर्षांत पैशाअभावी ते बंद पडलं. पण त्या पाच वर्षांत तिथे कोण होतं ते बघा. पोरवयातले गुरुदत्त तिथे नाच शिकले आणि १९४४ मध्ये पुण्याला ‘प्रभात’मध्ये आले. ‘हम एक हैं’मध्ये त्यांनी नृत्यदिग्दर्शन केलं. जोहरा सेहगल अल्मोड्यात शिकवत होत्या. पुढे १९५१ मध्ये गुरुदत्तांनी दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट केला, ‘बाजी’, तेव्हा त्याचं नृत्यदिग्दर्शन जोहराबाईंकडे होतं. त्याच वर्षीच्या ‘आवारा’तला स्वप्नाचा प्रसंग ज्यांनी बसवला त्या सिम्की म्हणजे उदय शंकरांच्या नृत्यातल्या जोडीदार. खुद्द उदय शंकरांनी १९४८ मध्ये ‘कल्पना’ हा चित्रपट केला. लेखन, नृत्य, दिग्दर्शन सगळं त्यांचंच. गोष्ट होती कलाकेंद्र उभारायला निघालेल्या एका नर्तकाची. अल्मोड्यात कॅमेरा शिकवायचा वर्ग नव्हता. होतं ते नाचाचं शिक्षण, निरीक्षणाची सवय आणि एकमेकांच्या कामाकडे रोज बारकाईने बघणं. हिंदी सिनेमाला ते पुढे कितीतरी वर्षं पुरलं.

गुरुदत्तांची गाणी आठवा. त्यात माणसं किती कमी नाचतात आणि कॅमेरा किती नाचतो! माणूस एका जागी उभा असतो, उजेड सरकतो, कॅमेरा नेमक्या मात्रेला पुढे येतो आणि नेमक्या मात्रेला थांबतो. नाच शिकलेल्या माणसाचं हे दिग्दर्शन आहे. कुठे थांबायचं हे ज्याच्या पायांना कळलेलं असतं, त्याच्या डोळ्यांनाही ते कळतं.

हे नुसतं वर्णन वाटू नये म्हणून एक गोष्ट जवळून सांगते. नाशिकमध्ये कथकाचे वर्ग बरेच आहेत. गंगापूर रोडला, नाशिकरोडला, पंचवटीत, सिडकोत संध्याकाळी सहानंतर घुंगरांचा आवाज येतो. अशा एखाद्या वर्गात मोठ्या मुलींना गतभाव, म्हणजे नाचातल्या चालीतून आणि अभिनयातून गोष्ट सांगणं, शिकवताना बघायला बसावं. पनघटाचा प्रसंग असतो. हार्मोनियमवर लेहरा चालू, तीनतालाच्या सोळा मात्रा फिरतायत. मुलगी डोक्यावर घडा घेतल्यासारखी चालत येते. चालीतच कळायला हवं की घडा रिकामा आहे की भरलेला. नदीवर येते, वाकते, पाणी भरते. मग ती पलटा घेते, गर्रकन एक फेरा, आणि समेवर उभी राहते ती कृष्ण होऊन. तीच मुलगी, तीच जागा. पण खांदे बदललेत, नजर खालून वर न जाता वरून खाली येतेय, हातात खडा आहे. खडा फेकते. पुन्हा पलटा, पुन्हा ती गोपी, आणि घडा फुटलेला आहे, पाणी अंगावरून ओघळतंय. गुरू मध्येच थांबवतात. ‘खडा कुठून आला? तिकडून आला ना? मग तू इकडे का बघतेस?’

या एका प्रश्नात चित्रपटाच्या व्याकरणाचा मोठा भाग आहे. कोण कुणाकडे बघतंय, नजरेची दिशा काय, एक माणूस दाखवून दुसऱ्यावर केव्हा जायचं, मधला क्षण किती ठेवायचा आणि किती गाळायचा. संकलनाच्या टेबलावर बसलेली मंडळी दिवसभर हेच करत असतात. कथकातली मुलगी हे बाराव्या-तेराव्या वर्षी अंगाने शिकते. ‘पढंत’ तर याहून पुढची गोष्ट. नाचण्याआधी ती अख्खी रचना तोंडाने म्हणायची, हाताने ताल धरून, तिहाई, म्हणजे तीनदा म्हणायचा शेवटचा तुकडा, कुठून उठते आणि समेवर कशी येते ते आधी ऐकवायचं. करण्याआधी संपूर्ण गोष्ट उच्चारून दाखवणं हेच तर पटकथालेखकाचं काम. चित्रपट अजून कुठेच नसतो. तो कुणालातरी पानावर आधी घडवून दाखवावा लागतो. पढंत पक्की असलेल्या मुलीला लिहायला बसवलं तर तिच्या प्रसंगात लय असते. बालनाट्याच्या तालमी मी इतकी वर्षं जवळून बघते आहे, त्यात हा फरक मला दरवेळी दिसला आहे.

आपल्या फाळक्यांकडेच बघू. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली झाला, त्यानंतर ते नाशिकला आले आणि इथे त्यांनी पहिला चित्रपट हाती घेतला तो ‘मोहिनी भस्मासूर’. मोहिनी भस्मासुराला आपल्यासारखं नाचायला लावते आणि नाचता नाचता तो स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवतो, ही ती गोष्ट. म्हणजे नाशिकच्या सिनेमाची सुरुवात नाचाच्या गोष्टीने झाली. याच चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई कॅमेऱ्यासमोर आल्या. त्याआधी फाळक्यांना तारामतीच्या कामासाठी बाई मिळाली नव्हती, ते काम अण्णा साळुंक्यांनी केलं होतं. बायकांनी नाचायचं, दिसायचं म्हणजे काय, या प्रश्नाशी हे शहर तेव्हापासून झगडतं आहे आणि अजून तो सुटलेला नाही. मुलगी दहावीपर्यंत नाचली तर कौतुक, पुढे नाचाचंच काहीतरी करते म्हणाली की घरात बैठक बसते.

१९१९ च्या ‘कालियामर्दन’मध्ये फाळक्यांची मुलगी मंदाकिनी बाळकृष्ण झाली. ती तेव्हा जेमतेम सात वर्षांची होती. त्या चित्रपटाच्या सुरुवातीला, गोष्ट चालू होण्याआधी, तिचा नुसता चेहरा दिसतो आणि त्यावर एकामागून एक भाव येत जातात. बापाने लेकीला जे शिकवलं ते त्याने आधी लोकांपुढे ठेवलं, मग गोष्ट सांगितली. फाळके स्वतः जे. जे. मध्ये चित्रकला शिकले, बडोद्याच्या कलाभवनात शिकले, गोध्र्याला छायाचित्रं काढली, पुरातत्त्व खात्यात नकाशे-आराखडे काढले, छापखाना चालवला, जादूचे प्रयोग केले. त्यांनाही लोक ‘एक धड नाही’ म्हणालेच असणार. आज आपण त्यांच्या नावाने पुरस्कार देतो, आणि त्यांच्यासारखं वेगवेगळ्या कामांतून शिकत जाणाऱ्या मुलांना मात्र एकच काहीतरी निवडायला सांगतो.

आता शिकवण्याबद्दल. मास्तरकी ही कलावंताने पोटासाठी पत्करलेली तडजोड, असा आपल्याकडे समज आहे. पोटाचा भाग खरा आहे, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. पण वर्गात रोज चाळीस-पन्नास मुलांपुढे उभं राहणाऱ्याला एक गोष्ट कळते जी एकट्याने लिहिणाऱ्याला सहसा कळत नाही: ऐकणाऱ्याचं लक्ष नेमकं कुठे सुटलं. सुमित्रा भावे पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत शिकवत होत्या. समाजशास्त्राचा अभ्यास, वस्त्यांमधलं संशोधन, हे त्यांचं काम. बायकांविषयी जे शोधलं ते त्याच बायकांपर्यंत पोचवायचं, तर लेखी अहवाल त्यांच्या काय कामाचा? त्यातून १९८५ मध्ये ‘बाई’ झाला. चित्रपटाचं रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेलं नव्हतं. पुढे सुनील सुकथनकरांबरोबर त्या तीसहून अधिक वर्षं चित्रपट करत राहिल्या, पटकथा त्यांच्याच असत, आणि ‘कासव’ला सुवर्णकमळ मिळालं. त्यांच्या चित्रपटांमधली माणसं एकमेकांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकतात. ही सवय वर्गातली आहे.

नाशिकलाही हे परकं नाही. वसंत कानेटकर हं. प्रा. ठा. महाविद्यालयात इंग्रजी शिकवत. ‘अश्रूंची झाली फुले’ या त्यांच्या नाटकाचा नायक कॉलेजातला माणूस, विद्यानंद. आणि त्याच्यासमोर लाल्यासारखा विद्यार्थी. कॉलेजात आयुष्य घालवलेल्या माणसालाच हे दोघे इतके खरे सापडू शकतात. त्यावरून ‘आँसू बन गये फूल’ झाला आणि कथेसाठी कानेटकरांना फिल्मफेअर मिळालं. त्याच महाविद्यालयात शिकलेले वि. वा. शिरवाडकर तरुणपणी नाशिकच्या गोदावरी सिनेटोनमध्ये होते. ‘सती सुलोचना’ची पटकथा त्यांनी लिहिली, त्यात लक्ष्मणाचं कामही केलं. चित्रपट चालला नाही. ते वर्तमानपत्रांकडे वळले, मग कवितेत आणि नाटकात काय झालं ते सांगायला नको. मला यात महत्त्वाचं वाटतं ते इतकंच की विशीतल्या एका नाशिककर मुलाला तेव्हा गावातल्या गावात पटकथा लिहून बघता आली, काम करून बघता आलं, आणि ते फसल्यावरही दुसरं काही करता आलं. आज तशाच मुलाला आधी मुंबईत खोलीचं भाडं भरावं लागतं.

बाहेरच्या देशांतही हे दिसतं. न्यूयॉर्कची शर्ली क्लार्क नर्तकी होती; १९५३ मध्ये तिने पहिली फिल्म केली ती नाचावर, आणि सत्तरच्या दशकात ती विद्यापीठात चित्रपट शिकवू लागली. इव्हॉन रेनरने नृत्यरचनेतून चित्रपटात येऊन पुढे शिकवलंही. इंग्लंडच्या सॅली पॉटरने नृत्याचं शिक्षण घेतलं, ‘ऑर्लँडो’ची पटकथा लिहून १९९२ मध्ये तो दिग्दर्शित केला, आणि १९९७ च्या ‘द टँगो लेसन’मध्ये स्वतः नाचली. त्यांच्या देशांत नाचाच्या शाळा होत्या, विद्यापीठांत त्यांना शिकवायला जागा होत्या, हे विसरून त्यांचं कौतुक करण्यात अर्थ नाही.

मग आपल्याकडे काय आहे? शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात लिहिलं आहे की सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरपेक्षा जास्त मुलं असतील तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा. म्हणजे कायद्यानेच कलेचा शिक्षक अर्धवेळ ठरवला. अर्धवेळ माणसाला मानधन तुटपुंजं, पुढच्या वर्षी तो असेल की नाही याची खात्री नाही, आणि शाळेच्या कामकाजात त्याला आवाज नाही. परीक्षा जवळ आली की पहिला तास जातो तो त्याचा. अशा शिक्षकाकडे नाच, नाटक, चित्र, गाणं सगळंच सोपवायचं आणि वर्षअखेरीस स्नेहसंमेलन बसवून घ्यायचं, ही आपली पद्धत.

दुसरीकडे दहावीला शास्त्रीय नृत्य-गायनाच्या आणि चित्रकलेच्या परीक्षांसाठी वाढीव गुण मिळतात. हेतू चांगला होता. पण त्यातून नाचाचं काय झालं ते कुठल्याही वर्गात विचारा. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा गुणांसाठी लागतील तिथवर द्यायच्या, दाखला शाळेत जमा करायचा आणि घुंगरू माळ्यावर. अकरावीला क्लास सुरू होतो तो दुसराच. गतभाव अंगात मुरण्याचं, पढंत पक्की होण्याचं वय नेमकं सोळाच्या पुढचं, आणि तेव्हाच वर्ग रिकामे होतात. जी टिकते तिला मंचप्रवेशाचा खर्च असतो: सभागृह, तबला-हार्मोनियमची साथ, पोशाख, निवेदन. ज्यांच्या घरी हे परवडतं त्यांच्याच मुली पुढे जातात. शहराचा सिनेमा पुढे कुणाच्या डोळ्यांनी बघितला जाणार हे अशा खर्चांनी आधीच ठरून जातं, आणि याची मला खरी चिंता वाटते.

जिल्ह्याच्या पश्चिमेकडे वळलं की ही चिंता आणखी वाढते. सुरगाणा, पेठ, त्र्यंबक, दिंडोरी हा कोकणा, वारली, महादेव कोळी लोकांचा भाग. इथल्या गावांत बोहाडा होतो. रात्रभर मुखवटे घालून सोंगं नाचवली जातात. एकेक देव, एकेक राक्षस वाद्यांच्या तालावर येतो, त्याची चाल वेगळी, त्याचं वजन वेगळं. मुखवट्यामुळे चेहऱ्याची मदत नसते. भीती, राग, ऐट सगळं खांद्यातून आणि पावलातून दाखवायचं. पावरी वाजवणारा पुढे असतो आणि नाचणाऱ्यांचं कडं त्याच्या मागे वळत जातं. पडद्यावर माणूस नुसत्या देहाने कसा सांगायचा याचं एवढं तयार ज्ञान जिल्ह्यात असताना आदिवासी मुलांच्या शाळांमध्ये ते शिकवायला त्या गावातला जाणता माणूस नेमता येत नाही, कारण त्याच्याकडे पदविका नाही. मग वार्षिक कार्यक्रमात त्याच गावातली मुलं मोबाईलवर बघितलेलं गाणं बसवतात. त्यांना ते आवडतं, त्यात वावगं काही नाही. पण आजोबांना जे येतं ते शाळेच्या दृष्टीने ज्ञानच नाही, हे त्या मुलांना न सांगता कळतं. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिक शहरातच आहे. ही मागणी घेऊन जायला लांब जायची गरज नाही.

चित्रनगरीच्या बाजूने बोलणारे रोजगाराचा मुद्दा मांडतात आणि तो मी हलका मानत नाही. सुतार, रंगारी, दिवेवाले, वाहनचालक, खानावळी, लॉज, सगळ्यांना काम मिळेल. पण चित्रपटाची गोष्ट ज्यांनी लिहिली, ज्यांनी बसवली, ते मुंबईहून येतील आणि मुंबईला परत जातील. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून तर हे आणखी सोपं झालं आहे. रस्ता दोन्हीकडून चालतो, हे मान्य. मात्र आज नाशिककडून मुंबईला जाणारं जे आहे त्यात लेखक आणि दिग्दर्शक किती? आपण फक्त डोंगर, धरणं आणि मोकळी जमीन देणार असू, तर ते देऊनही नाशिकचा सिनेमा होणार नाही.

नुसत्या वास्तूने काय होतं ते कोल्हापूरने बघितलं आहे. तिथली चित्रनगरी ऐंशीच्या दशकातली. पुढे बरीच वर्षं ती जवळपास ओस होती आणि नंतर तिला पुन्हा उभं करावं लागलं. त्याच कोल्हापुरात त्याच्या कितीतरी आधी बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी होती. तिथे दामले, फत्तेलाल, शांताराम पडेल ते काम करत शिकले आणि १९२९ मध्ये त्यांनी ‘प्रभात’ काढली. कंपनी गेली, पण तिच्यातून शिकून निघालेली माणसं मराठी सिनेमाला पुरली.

आपल्याच जिल्ह्यातलं मालेगाव याहून बोलकं आहे. यंत्रमागाच्या त्या गावात शेख नासिर यांनी व्हिडिओ पार्लर चालवता चालवता दोन व्हीसीआर जोडून संकलन शिकून घेतलं आणि ‘मालेगाव के शोले’ केला. स्टुडिओ नव्हता, ट्रॉलीच्या जागी सायकल होती. कारखान्यात पाळी करणारी माणसं सुट्टीच्या दिवशी अभिनय करत होती. फैजा अहमद खान यांनी मालेगावच्या या चित्रपटवाल्यांवर माहितीपट केला, तो जगभर गेला, आणि आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांनंतर त्या लेखकांना, त्या नटांना आपण काय दिलं? लिहिण्यासाठी सहा महिने पगारी सवड? मुलांना शिकवायला एखादी जागा? चिकाटीचं कौतुक करणं फुकट असतं, म्हणून ते आपण पोटभर करतो.

राज्य सरकारचं अनुदान मराठी चित्रपटांना मिळतं, पण ते तयार झालेल्या चित्रपटाला, दर्जा ठरवून. ज्याच्याकडे आधीच निर्माता आहे त्याला त्याचा उपयोग. नाशिकरोडला राहून दिवसा शिकवणाऱ्या आणि रात्री पटकथा लिहिणाऱ्या बाईला नाही. तिला लागतो वेळ, आणि थोडे पैसे लिहिण्याच्या काळात. पटकथा ही चित्रपटाची सगळ्यात स्वस्त पायरी. एका सेटच्या खर्चात कितीतरी लेखकांना वर्षभर लिहिता येईल. चित्रनगरीसाठी जो निधी मागितला जातोय त्याचा एक ठराविक हिस्सा जिल्ह्यातल्या लेखकांच्या पाठ्यवृत्तीसाठी बांधून मागावा, पहिली वीट बसण्याआधी. मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नाशिकमध्ये आहे आणि नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांना शिकवणं हेच त्याचं काम आहे. शिक्षक, परिचारिका, कारखान्यातले कामगार यांच्यासाठी पटकथालेखनाचा भक्कम अभ्यासक्रम मराठीतून चालवायला याहून योग्य ठिकाण दुसरं नाही.

शाळांबाबत माझी मागणी अशी: प्रत्येक शाळेला पूर्णवेळ नृत्यशिक्षक मिळणार नाही हे मला कळतं, पण एका केंद्रशाळेखालच्या आठ-दहा शाळांना मिळून एक नृत्याचा आणि एक नाट्याचा शिक्षक, कायम पदावर, पूर्ण पगारावर, नक्की देता येईल. आश्रमशाळांमध्ये सोंगं नाचवणाऱ्या, पावरी वाजवणाऱ्या जाणत्यांना पदवी न विचारता शिक्षकाचं मानधन द्यावं. आणि महापालिका शाळांच्या खोल्या संध्याकाळी सहा ते नऊ तालमींना नाममात्र भाड्याने द्याव्यात. राज्य नाट्यस्पर्धेच्या तोंडावर इथल्या हौशी संस्था तालमीची जागा शोधत कशा फिरतात हे नाटकवाल्यांना विचारा. कालिदास कलामंदिर प्रयोगाला असतं, पण प्रयोगाच्या आधीचे दोन महिने कुठे काढायचे?

‘एवढं करून सिनेमा किती जण करणार?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. थोडेच करतील. बाकीच्यांतून चांगले शिक्षक होतील, वकील होतील, परिचारिका होतील. त्यातल्या कुणाला समोरच्याची नजर वाचता येईल, कुणाला चार माणसांपुढे गोष्ट नीट सांगता येईल. हा खर्च वाया गेला असं मला कुठल्याच हिशेबाने म्हणता येत नाही. आणि जे थोडे सिनेमाकडे जातील ते पनघटावरचा खडा कुठून आला हे शिकून जातील.

सुरुवात करायला जागाही आहे. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे. अंबडची औद्योगिक वसाहत तिथून जवळ, सिडकोच्या कामगार वस्त्या जवळ, शहर बस जाते. शनिवार-रविवारी तिथे महापालिका शाळांच्या मुलांसाठी नाचाचा वर्ग आणि मोठ्यांसाठी पटकथेचा वर्ग शेजारी शेजारी चालवता येतील. शिकवणाऱ्यांना तासाचं योग्य मानधन द्यावं, फुकट सेवेची अपेक्षा ठेवू नये. मुंढेगावच्या जमिनीचा निकाल लागेपर्यंत यासाठी थांबायचं कारण नाही. महापालिकेच्या येत्या अंदाजपत्रकात याला वेगळं लेखाशीर्ष मिळावं अशी लेखी मागणी मी करते आहे. शहरातल्या नृत्यवर्गांनी, नाट्यसंस्थांनी आणि शिक्षक संघटनांनी त्यावर सह्या कराव्यात, ही माझी विनंती आहे.